पहिल्या बंडीचा धुरकरी

नाई नाई नाई पाव्हने, डोये मिटाचं काम नाई! बार्शीटाकळीच्या वेशीत तुमी तिघं हात दाखवून बंडीवर चढले, तवाच म्या सांगतलं का नाई, का सूर्यभानच्या बंडीत भाडं लागत नाई, पन अकोल्यापावतर जागं राहा लागते अन् आयका लागते? मंग? कापसावर पाठ टेकली का मानूस जाते, हे मले मालूम हाये. मांगं पाहा. अहो पाहा ना मान वळवून! एकोनचाळीस बंड्या हायेत माह्या मांगं, अन् तुमाले सांगतो, एकोनचाळीसच्या एकोनचाळीस धुरकरी... झोपेल! भर दुपारी, तोंडं वासून, बैलाईच्या भरोशावर! एकटा मी डोयात तेल घालून बसेल हावो, अन् हे सारं कशापायी? एका पांधनीपायी! म्या जगाले एकच गोठ इचारली होती, साधी, लहान लेकरानं इचाराव तशी... मानसानं चालाव कुठी?

आता तुमी म्हनसान, वाटेनं चालाव. कोनत्या वाटेनं? ही चाकोरी दिसून राह्यली ती बंड्याईची. तिच्या बाजूनं आमची पांधन होती, आज्या-पंज्याच्या येळची, दोन मानसं बोलत बोलत जातीन इतकी रुंद, गावातून निंघाली का थेट नाल्यातल्या झिऱ्यावर. बाया पान्याले जाये, लेकरं ढोरं हाकत जाये, कोनाले कोनाचा धक्का नाई. मंग सातासमुद्रापल्याड कुठी तरी लढाई लागली म्हनते. लढाई त्याईची, अन् भाव चढला आमच्या कापसाचा! असा चढला, असा चढला, का लोकाईनं तुळशीच्या ओट्याले लागून पऱ्हाटी लावली. आमच्या खुशालराव पाटलाच्या बैलाईच्या गळ्यात असे घुंगरू आले, का बैल बजाराले चालला का नवरदेव आनाले, समजेच नाई. अन् पांधन? धुऱ्यावरच्या वावरवाल्यानं यंदा एक तास, पऱ्हाटीची एक ओळ, पुढं सरकवलं, पुढच्या साली दुसरं, गेली बाप्पा पांधन पऱ्हाटीच्या पोटात! इकून बोराटीची काटेरी कुपाटी, तिकून बंडीचं चाक. आता तुमीच सांगा, मानसानं चालाव कुठी?

आमच्या शेजारची दुर्गाबाई. चांगली धडधाकट बाई, तिच्या पायावरून चाक गेलं. दोन बोटं गेली, आजून काठी टेकत चालते. हसू नका, त्या बाईचा आरडा म्या या कानानं आयकला हाये. त्याच्यानंतर पंधरा दिवसानं, दसऱ्याच्या मांगंपुढं, माही बायको तानुबाई डोक्यावर घागर घेऊन झिऱ्याहून येऊन राह्यली, अन् समोरून हे चाळीस बंड्याईचं लटांबर. 'बाजू व्हा' म्हनाले मांगच्या बंड्याईत कोनी जागं असंन त ना! तानुबाईनं मारली उडी ते थेट बोराटीत. घागर फुटली ते फुटली, संध्याकाळी मी तिच्या पाठीतले काटे काढून राह्यलो. सतरा काटे! अन् एकेका काट्याले ती मले एकेक गोठ आयकवे. 'गावात मर्द हायेत का पऱ्हाटीतले बुजगावने? आई गं! हळू काढा ना! बुजगावन्याले पाहून पाखरू तरी भेते!'

सतरावा काटा निंघाला अन् म्हने, 'आता आयका. कौशल्याले दिवस हायेत. पयलं बायतपन पोरीचं मायच्या घरी होते. सुईन सांगते, पयलटकरनीनं रोज चालाव. चालाव कुठी तिनं? त्या चाकाखाली? पांधन होत नाई तोवर म्या पोरीले आनत नाई. अन् व्याह्याले तुमी सोता जाऊन सांगा अमरावतीले, का आमच्या गावात पोरीले पाय टाकाले जागा नाई!'

आता हे कोन्या बापानं सांगाव? पयलं बायतपन सासरी? अहो, व्याही मले दारातलं पायपुसनं करतीन! माही एकुलती एक पोर हाये. ती माहेराची वाट पाहून राह्यली, अन् माहेराले वाटच नाई! म्या तठीच हातातला काटा जमिनीवर फेकला अन् म्हनलं, पांधन पायजे म्हनजे पायजे!

गेलो पाटलाकडं. खुशालराव पाटील आंगनात बाजीवर बसेल, मांडीवर पानदान, गालात पान, हात असा, माशी हाकलल्यावानी. 'सूर्यभान, बंडी आपल्या वाटेनं जाते, मानसानं आपली वाट पाहाव.' म्हनलं पाटील, तेच इचाराले आलो ना, कोनती पाहू? त म्हने, 'हंगाम सरू दे.' हंगाम सरते माघात, अन् नातू येते पुसात! पोटातलं लेकरू काय पाटलाच्या हंगामासाठी थांबनार हाये?

मंग गेलो अकोल्याले, कचेरीत. तठी एक कारकून, मोरोपंत, पुन्याकडचा मानूस, बोलनं असं का कोनी वरनभातावर तूप सोडून राह्यलं. 'हे पहा सूर्यभानराव, रस्ता म्हणजे ज्यावरून गाडी जाते तो. पायवाट नकाशात नसते. जे नकाशातच नाही ते मोडलं असं म्हणता येत नाही, आणि जे मोडलेलंच नाही ते दुरुस्त कसं बरं करायचं?' तुमाले सांगतो, दोन रोज मी त्या बोलन्याभोवती घान्याच्या बैलावानी फिरलो, कुठून शिराव तेच सापडे नाई! अन् कचेरीच्या खिडकीतून काय दिसून राह्यलं, त आगगाडीसाठी मातीचा भराव टाकनं चालू. ती गाडी आजून आलीबी नाई, अन् तिच्यासाठी वाट तयार! लोखंडाले वाट हाये. मानसानं चालाव कुठी?

तवा म्या गाव जमवलं, मारुतीच्या पारावर. उभा राहून बोललो. असा बोललो, असा बोललो, दुर्गाबाईची बोटं सांगतली, तानुबाईचे काटे सांगतले, बाया पदरानं डोये पुसाले लागल्या, मलेच माहं कौतुक वाटाले लागलं. अन् तेवढ्यात गोदाबाई उठली. वय सत्तर, तोंडात दात एक, पन तो बरोबर जाग्यावर लागते. म्हने, 'लय चांगला बोलला बापू. आता एवढं सांग, झिऱ्याच्या कोपऱ्यावर पांधनीत दोन तास पेरेल हायेत ते कोनाचे? पांधनीत पयली तिफन घुसली ते कोनाची?'

पाव्हने... साऱ्या पाराच्या माना माह्याकडं वळल्या. आता तुमच्यापासून काय लपवू? माहेच तास! पयली तिफन माहीच! अहो, दोनच तास होते! भाव चढला होता, मन वळवळलं, तिफन उलशीक सरकली... म्हनजे बैल सरकले म्हना ना! पन मी सरकलो म्हून बाजूचा सरकला, बाजूचा सरकला म्हून त्याच्या बाजूचा. दुर्गाबाई तठीच बसेल होती काठी घेऊन. नुसती माह्याकडं पाहे. बोलली असती त बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकायी गेलो वावरात. बोंडं फुटेल, पांढरीफेक, ऐन भरातली पऱ्हाटी. डोये गच्च मिटले अन् घातला हात बुडाले. तेवढ्यात मांगून तानुबाई, 'अवो येडे का खुळे! फुटेल कापूस तरी येचून घ्या!' म्हनलं चूप बैस, आज त्याग म्हनजे त्याग. त म्हने, 'त्याग करा ना, कोन नाई म्हनते? पन येचून करा!' मंग येचून केला त्याग. दुपारपावतर दोन्ही तास साफ. अन् गोदाबाई धुऱ्यावर काठी घेऊन बसली, येईन त्याले इचारे, 'त्याची झाली बापू, तुही कवा?' लाजंपायी एकानं उपटली, दुसऱ्यानं उपटली, शिव्या देत देत का होईना सगयाईनं उपटली. आठ दिवसात पांधन मोकळी!

अन् नवव्या दिवशी काय झालं असंन? चाळीसच्या चाळीस बंड्या पांधनीवरून! काहून का, चाकोरीत खड्डे अन् पांधनीची माती मऊ! मी धावलो, हात पसरून मधात उभा राह्यलो. पयल्या बंडीवर देवीदास, मंगरुळाकडचा म्हातारा धुरकरी, त्यानं येसन ओढली, बंडी थांबली, तिले आदळून दुसरी थांबली, दुसरीले तिसरी. म्हनलं एकेकाले धरून समजावतो. गेलो दुसऱ्या बंडीपाशी, धुरकरी झोपेल. तिसरी, झोपेल. चौथीवाला झोपेतच म्हने, 'भाकर ठेव तठी.' मी समजावू कोनाले? बैलाईले?

देवीदास हासला. म्हने, 'बापू, ही चालच हाये. रात बजारात ताटकळत जाते, दिवसा बंडीत झोपा. मांगचा बैल समोरच्या बंडीले सोडत नाई. जागा राह्यते तो एक पयला. तुले पांधन पायजे ना? मंग पाटील नको अन् कचेरी नको. समोर चाल. तू जिकडं, तिकडं चाळीस.'

घ्या! एवढं सोपं! पाटील, मोरोपंत, सारे झक मारत गेले, सारी सडक एका येसनीत! पुढच्या सकायीच बंडी जुपली, बार्शीटाकळी गाठली अन् लागलो समोर. शेंद्र्या अन् मोऱ्या, हेच बैल. चाकोरीतून अशी सुतासारखी रांग नेली! ऊन कवळं, खाली कापूस, मांगं एकोनचाळीस बैलजोड्याईचे घुंगरू... अन् आता हसान त उतरवून देईन, मले उलसाक डोया लागला. उलसाकच हो!

अन् या बैलाईनं जन्मभर काय केलं? वावर ते घर, घर ते वावर. झिऱ्याचा कोपरा आला, वळले घराकडं! मी डोये उघडतो त शेंद्र्या माह्या आंगनातल्या डोनीतून पानी पिऊन राह्यला, समोर तानुबाई झाडू घेऊन उभी, अन् मांगं... मांगं चाळीस बंड्याईचं वऱ्हाड गावात! एक आमच्या गोठ्यात, एक दुर्गाबाईच्या ओसरीपाशी, सारी गल्ली गच्च, अन् उरलेल्या सगया कुठी, त पाटलाच्या आंगनात! एका बैलानं पाटलाचं पागोटं चघळाले घेतलं. धुरकरी एकेक जागे होये अन् इचारे, 'आलं काय अकोलं?' एकानं त पाटलालेच हात जोडले, 'शेटजी, कापूस कुठी उतरवू?' पाटील पानदान छातीशी धरून बाजीवर उभा, चारीकून शिंगं, अन् वरडते काय, 'अबे सूर्यभान! मानसानं बसाव कुठी?'

या एका सवालासाठी म्या दसऱ्यापासून जीव काढला होता! म्हनलं, 'पाटील, तुमचं आंगन एक दिवस गेलं. आमची पांधन दोन सालापासून गेली हाये.' पाटलानं चघळेल पागोटं बैलाच्या तोंडातून काढलं अन् तसंच डोक्याले गुंडाळलं. गल्लीत बंडी वळे नाई, जू सोडून बैल काढा, बंडी हातानं फिरवा, एकेक करत दिवस मावळला. अन् दुसऱ्या दिवशी, खोटं नाई सांगत, खुशालराव पाटील सोता उभा राहून गोटे टाकून राह्यला, चाकोरी अन् पांधनीच्या मधात, सलग, झिऱ्यापावतर. हे पाहा, हेच ते गोटे. त्याईच्यावरचा चुनाबी पाटलाच्या हातचा हाये.

झालं? नाई झालं! गोटे काय बैलाईच्या डोयात बोट घालते? समोरचा चुकला का चाळीसबी गोट्यावरून जातीन. मंग समोर कोन? त सारं गाव म्हने, सूर्यभान हाये ना! कापूस कोनाचाबी असो, पयली बंडी सूर्यभानची. अन् तो देवीदास, ज्यानं मले हे ग्यान देल्लं, तो दुसऱ्या बंडीत हाये. आयका... आयकू येते? घोरून राह्यला म्हातारा!

आला पाहा झिऱ्याचा कोपरा. चाल मोऱ्या, सरळ, घर नाई आता, सरळ! अन् ती पाहा पांधनीवरून कोन चालून राह्यलं. समोर हाये ना, हात हालवत, हळूहळू? माही कौशल्या. सातव्यातच आनली. तिच्या मांगं तानुबाई घागर घेऊन, अन् काठी टेकत दुर्गाबाई. चाळीस बंड्या बाजूनं जाऊन राह्यल्या, पन या तिघीतल्या एकीनं तरी मान वळवली काय? एकीनं तरी पदर सावरून बाजू घेतली काय? गोठी सांगत चालून राह्यल्या बाप्पा, घरच्या आंगनात चालाव तशा. हे पाह्यलं का माहे डोये भरून येते. धुळीनं नाई, खरंच येते.

आयकलं? तानुबाई वरडते, 'अवो, उतरा ना उलसे, चाला आमच्यासंगं!' दररोज म्हनते. उतरू कसा? ज्यानं पांधनीसाठी गाव डोक्यावर घेतलं, त्यानं यंदा तिच्यावर एक पाऊल टाकलं नाई! मी उतरलो का बंड्या कुठी जातीन ते पाटलाले इचारा. हंगाम सरू दे म्हनलं बाई, नातवाले काखेत घेऊन चालीन... घ्या, पाटलाचंच बोलनं माह्या तोंडात आलं! आता तुमीच सांगा पाव्हने, चुकलं काय माहं?... पाव्हने?... अवो पाव्हने!

झोपेल! तिघंबी! एकोनचाळीस अन् तीन, बेचाळीस... झोपा बाप्पा, झोपा. अकोलं आलं का उठवतो. चाल रे शेंद्र्या, तू तरी कान इकडं कर. हं, त मी सांगत काय होतो... मानसानं चालाव कुठी?