मशीन पाडणारा कुणाचा?

इंजिनिअर लोकांचं कौतुक माझ्यासमोर नको राव, मी स्वतः त्यातलाच आहे. आमच्या पिंपळवंडीच्या दूध केंद्रावरचा कॉम्प्युटर रोज सकाळी ऐन रांगेत बंद पडायचा. सॉफ्टवेअरवाला साहेब पुण्याहून यायचा आणि सगळं ऑपरेटर सुमनवहिनींवर ढकलून जायचा. "बाई काहीतरी भलतंच दाबतात." वहिनींची नोकरी जायची वेळ आली.

मी पोटापाण्यासाठी कर्नलचंच, म्हणजे कॉम्प्युटरमधले बाकी सगळे प्रोग्राम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचं काम करतो. मशीन बंद पडताना कुठला प्रोग्राम चालू होता, त्याचं नाव कर्नलनं लिहून ठेवावं अशी सोय मी केली. दुसऱ्याच दिवशी नाव आलं, 'काटा'. म्हणजे साहेबाचाच, दुधाचं वजन घेणारा प्रोग्राम.

साहेब आला, "अपडेट केलंय" म्हणाला आणि गेला. मशीन पुन्हा पडलं. आता नाव आलं 'पावती'. पावत्या काढतात वहिनी. साहेब छाती फुगवून म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

चेअरमन तात्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "नाव कळलं. पन ह्यो कुणाचा?" गावात अनोळखी पोरगं दिसलं तरी तात्या हेच विचारतात.

आणि मी दीडशहाणा नुसतं नाव काढून बसलो होतो! प्रोग्राम कुणी चालू केला, हेही कर्नलकडं असतंच. ते काढलं, तर चालू करणाऱ्या वहिनी नव्हेत, साहेबाच्याच कंपनीचा प्रोग्राम, जो रोज 'काटा' चालू करायचा तोच. गड्यानं दुरुस्ती केलीच नव्हती, 'काटा'चं नाव बदलून 'पावती' ठेवलं होतं.

तात्या साहेबाकडं वळले. "आन् तू रं कुणाचा?"