खोटं बटण

विजेच्या सामानाच्या दुकानात माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

"वहिनी, तळघरातला तो रेडॉन गॅस गेला का गं? बाबा झोपतात तिथे."

"ताई, फरशीच्या भेगा बुजवल्या, पाइप बसवला, जमिनीतला गॅस छपरावर ओढून नेणारा पंखा लावला. तरी रेडॉन मोजायच्या मीटरचा आकडा उतरेना."

"का?"

"बाबा खोलीतून निघताना पंखा बंद करायचे. माणूस नसताना पंखा चालवायचा नाही म्हणे."

"तो माणसासाठी नाहीच म्हणावं."

"म्हटलं. तर म्हणाले, मग कोणासाठी?"

"त्या गॅसनं फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे सांगितलंस?"

"डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टरांच्या खोलीतला पंखाही बंद करून आले."

"मग?"

"बटण काढून टाकलं. पंखा अखंड चालू. आकडा सुरक्षित झाला."

"सुटलीस."

"कसली सुटतेय. पंखा फुकट जायला नको म्हणून बाबा आता खोलीतून बाहेरच येत नाहीत. जेवणही खालीच."

"अगं बाई."

तेवढ्यात भावजयीचा नंबर आला.

"एक बटण द्या."

"कुठलं? पंख्याचं?"

"कुठलंही. वायर जोडायची नाहीये. पण दाबल्यावर टक् असा आवाज आला पाहिजे."