साखरपाण्याचे पंख

झाडूवाल्या मावशींची पाळी संपत आली होती, कंबरेचा तर भुगा झाला होता. वॉर्डाबाहेरच्या भिंतीवर वीतभर रुंदीचा विटकरी पतंग बसलेला दिसला, तसा त्यांनी झाडू उगारला.

“मावशी, राहू द्या त्याला,” वॉर्डातल्या पेशंटचा मुलगा बाकावरून म्हणाला. “बाबा नोकरीला होते त्या म्युझियममध्ये असेच असायचे.”

“दादा, डॉक्टर सही मागतायत. बाबांना भरवायला नाकातून नळी घालायची का?” वॉर्डातून आलेल्या बहिणीने विचारलं.

“पंखांची टोकं बघ. हुबेहूब सापाची तोंडं.”

“विषय टाळू नकोस.”

“टाळत नाहीये गं. दमलोय. नळीने काय होईल म्हणाले?”

“चार दिवस लांबतील. बरे होणार नाहीत. पण उपाशी कसं ठेवायचं रे?”

“लहानपणी त्या पतंगाबद्दलही तू असंच म्हणाली होतीस.”

“कुठल्या?”

“बाबांनी जंगलातून कोश आणला होता, त्यातून निघालेल्या. साखरपाणी कोणी पाजलं?”

“मला काय माहीत, त्याला खायला तोंडच नसतं! अळी असताना खाल्लेल्यावरच आठवडाभर जगतो म्हणे.”

“पंख चिकटले बिचाऱ्याचे. आठवडा होता, तोही उडायचा राहिला.”

“बाबा ओरडले नाहीत पण. दुपारभर ओल्या कापसाने पंख पुसत बसले.”

भावाने उठून वॉर्डाच्या दारातून बाबांच्या खाटेकडे पाहिलं.

“मग डॉक्टरांना काय सांगू?”

“मी सांगतो. तू जरा कापूस माग कुणाकडे तरी. ओठ सुकलेत त्यांचे.”

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. ट्रॉलीतला कापूस त्यांनी पाण्यात बुडवला, पिळला आणि मुलीच्या हातावर ठेवला.