सहा नंबरचा पाय

नाय, तुझ्या फॉर्मात ‘फार’वर नको करू खूण, ‘थोडा’वर कर. ऑनलाइनमुळे धंद्यावर परिणाम झाला काय — झाला, थोडा. फार लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल खालिद फुटवेअर बंद पडलं, आणि बंद पडलं तर अख्ख्या अष्टमी गावाची पार्सलं कुठे येतील? हसू नको, खरं सांगतो. हे बघ, ह्या बॉक्सवर काय लिहिलंय — ‘खालिद फुटवेअरच्या मागे’. ह्याच्यावर — ‘खालिद फुटवेअरच्या समोर’. हे तर नुसतंच ‘खालिद फुटवेअर’, घर नाय, गल्ली नाय. कुरिअरवाला नितेश मागे पण जात नाय, समोर पण जात नाय, सगळं इथे टाकतो, चहा पितो नि पुलावरून परत रोह्याला. म्हणजे चपला लोक तिकडून मागवतात आणि न्यायला येतात माझ्या चपलांच्या दुकानात. अपेक्षा ना नाव तुझं? तुझ्या पेणच्या कॉलेजात ह्याला काय बोलतात? — लॉजिस्टिक? बरं, तेच लिही. मी लॉजिस्टिक करतो, फुकट.

पुढचं विचार. गिऱ्हाईक कमी झालं काय? बाय, येणारे येतातच. बसतात, पाय पुढे करतात, चार जोड घालून बघतात, नंबर विचारतात आणि ‘येतो खालिदभाई’ बोलून जातात. तीन दिवसांनी तोच जोड बॉक्समधून येतो, माझ्याच काउंटरवर. बॉक्स न उघडता आतला नंबर सांगेन मी. सव्वीस वर्षं झाली, ह्या गावातला प्रत्येक पाय मला म्हाईत हाय. तू — तू पाच. डावा जरा मोठा हाय तुझा, दुकानात उजवा घालून बघतेस नि घरी गेल्यावर डावा चावतो. हाय ना? उभी कशाला, बस त्या स्टुलावर.

आता हा ‘सामाजिक परिणाम’. हा समजला मला, उदाहरण पण देतो, पण नाव लिहायचं नाय. इथले अर्धे बाप्ये गल्फला. पूर्वी सुट्टीवर आले की बायकोला घेऊन दुकानात यायचे, ती पाय पुढे करायची, हा पाकीट काढायचा. आता तिकडूनच मोबाइलवर घेतात नि वस्तू इकडे येते. पण मोबाइल विचारतो, नंबर काय? बाप्याला कुठे ठाऊक. मग तो काय करतो? मला फोन करतो. दोह्यातून, कुवेतातून. ‘खालिदभाई, आमच्या हिचा नंबर सांगा ना, पण तिला कळू देऊ नका.’ मी सांगतो. म्हणजे नंबर माझा, पत्ता माझा, चप्पल तेवढी त्यांची. चार, पाच, सहा — एकदा पण चुकलो नाय.

एकदा चुकलो. चुकलो नाय, मुद्दाम सांगितला. — हे लिहू नको, हे असंच बोलतोय. ईदच्या आधी मुरादचा फोन आला, दोह्यातून. मागच्याच गल्लीतला. त्या दिवशी सकाळपासून एक जोड विकला नव्हता आणि सतरा पार्सलं वाटली होती. त्यानं बायकोचा, फरझानाचा नंबर विचारला. सहा. तिच्या निकाहातला जोड माझ्याच इथला, अकरा वर्षं झाली. मी बोललो, सात. का बोललो? बोललो. वाटलं, मोठी आली की परत करेल नि सहा नंबर घ्यायला माझ्याकडे येईल. धंदा हाय.

परत केली नाय तिनं. इथेच बॉक्स उघडला, पुढून बंद असलेल्या त्या चपलेत पाय घातला, टाचेमागे बोटभर जागा. मी बोललो, परत कर गो, नितेश नेईल. तर बोलली, ‘नको. एवढी वर्षं झाली, त्यांना माझा पाय पण आठवत नाय. असू दे, मला आठवण राहील.’ तीच घालून गेली. रडली नाय, काय नाय. आता पुढे कापूस कोंबते नि रोज तीच घालते. आणि मुरादनं तिला सांगितलंच नाय, की मला विचारून घेतली. कसं सांगेल? बायकोच्या पायाचा नंबर चप्पलवाल्याला विचारला म्हणून? त्याला आठवत नव्हता हे तर खरंच हाय, तेवढा मी सुटतो. पण विचारलं होतं ना त्यानं. विचारलं होतं बिचाऱ्यानं.

परवा पुन्हा फोन. मला वाटलं, परत नंबर. तर बोलला, ‘खालिदभाई, फरझाना नीट बोलत नाय. बोलली, सुट्टीवर येऊ नका, तिकडेच बरे आहात. दुकानात येते काय? काय बोलते काय?’ आज संध्याकाळपर्यंत त्याला कंपनीत सांगायचंय, सुट्टी घेतो की सोडतो. दोन वर्षांनी मिळालीय. मी बोललो, येते, बरी हाय. मला लाज वाटते, बाय. सव्वीस वर्षं लोकांचे पाय हातात घेतले, कुणाला चावेल असं काय दिलं नाय, नि हे केलं.

थांब. ऐक. — फटक, फटक. मागच्या गल्लीतून येतोय आवाज, ऐकलास? पायात बसलेला जोड असा वाजत नाय. सहा नंबरचा पाय, सात नंबरची चप्पल.

ये गो फरझाना. — नाय, पार्सल काय नाय आलं. — आत घालायचा सोल? जाडवाला? हाय ना, खोकंभर पडलेत. पण देत नाय मी तुला. नाय, देत नाय. बस तू. ती चप्पल काढ आधी. आणि मुरादला फोन लाव. आत्ता लाव, ड्युटीवर असला तरी तुझा उचलेल. स्पीकरवर ठेव, मला दोघांना एकदम सांगायचंय. — अपेक्षा, झालं ना तुझं? ‘सामाजिक’ राहिलं? रिकामं सोड. गाडी चुकेल तुझी. जा गो पोरी, इथे नको थांबू.