हद्दीवरचा रस्ता

भिवंडी स्टँडवर वज्रेश्वरीच्या एस.टी.च्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या : गुजरातच्या हद्दीलगतच्या पाड्यावरून लेकीकडे आलेली जाईबाई आणि लेकीची टेमघरची शेजारीण संघरत्ना.

“मावशी, पाड्यावर रस्ता झाला म्हणे?”

“झाला ना! इतकी वरसं साहेब म्हणायचं, डोंगर हाय, गाडी चढायची न्हाय. माझी सून दवाखान्यात नेताना झोळीतच बाळंत झाली. पोर गेलं.”

“मग आता कसा झाला?”

“कुनीतरी पोलिसांना फोन केला, हद्दीपलीकडून पाड्यावर बंदुका आल्यात. लगेच जेसीबी आला, डोंगर फोडला, गाड्यांची रांग लागली.”

“बाई गं! सापडलं काही?”

“माझी विळी सापडली. तिचा फोटो बी काढला.”

“आणि गेले?”

“कशाला जातील? हद्द राखाया चौकी बसवली. तिच्यापायी नळ आला, लाईट आली. आमी बी हंडे भरतो.”

“पण खोटा फोन करणाऱ्याला आत टाकतील हो.”

“शोधतात ना बिचारे. रोज माझ्या हातचा चहा पितात नि इचारतात, जाईबाई, संशय कुनावर?”

“तुम्ही काय सांगता?”

“सांगते, साहेब, दवाखाना तेवढा येऊ द्या, मंग आठवते.”