अक्कांचा उजवा हात

अध्यक्षमहोदय, अक्कांचे आप्तजन आणि सुहृदहो,

वक्तृत्व ही माझी जुनी व्याधी. आज मात्र तिनेही साथ सोडली आहे. घरून सोळा विशेषणे योजून आणली होती. समोर कमलाक्कांची तसबीर पाहिली आणि एकही उरले नाही.

अक्का तंजावरी मराठी, मी साताऱ्याहून आलेला. बावीस वर्षे इथल्या एकाच प्रयोगशाळेत मी त्यांचा सहायक. त्या प्रथिनांचे स्फटिक घडवीत आणि त्यांतून प्रथिनांच्या अतिसूक्ष्म साखळीचा आकार शोधीत. एका थेंबातून स्फटिक यायला महिना लागे. मी अधीर. अक्का म्हणत, "घाई केली म्हणून इडलीचं पीठ तरी आंबतं का रे?"

आमच्याकडे एक अलिखित दंडक होता. साखळीची गुंडाळी उजवीच हवी. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीसमोर उजवा हात धरायचा. अंगठा वर, बोटे वळलेली. गुंडाळी बोटांच्या वळणाने वर चढली, तरच ती ग्राह्य.

अध्यक्षांनी आत्ताच, परम सौजन्याने, अक्कांच्या 'एकमेव चुकी'चा उल्लेख केला. खरे आहे. एकदा उलटी, आरशातली गुंडाळी छापून गेली. अक्कांनी भर परिषदेत उभे राहून तो निबंध मागे घेतला. "चूक माझी," एवढेच म्हणाल्या. विभागप्रमुखपद गेले ते गेलेच.

सुहृदहो, ती चूक माझी होती.

ती प्रतिकृती तपासण्याच्या दिवशी अस्मादिकांच्या उजव्या हातात मुरुक्कू होता. अक्कांच्याच घरचा, आपल्या चकलीचा दाक्षिणात्य भाऊ. तो खाली ठेवणे जिवावर आले, म्हणून मी डावा हात पुढे केला. डावा हात डाव्या गुंडाळीस तत्परतेने अनुमोदन देतो. मी 'निर्दोष' असा शेरा लिहिला आणि दुसरा मुरुक्कू घेतला.

पुढे नऊ वर्षे गप्प. हा वाचस्पती, नऊ वर्षे मूक! गेल्या महिन्यात इस्पितळात अखेर बोललो.

"अक्का, तो हात डावा होता."

"ठाऊक आहे की रे."

"ठाऊक आहे?"

"समोरच बसले होते मी. डावा हात पाहिला, हसू आलं. मुरुक्कू काही सोडवेना तुला! मग हसण्याच्या नादात स्वतः तपासायचं राहून गेलं. आता सांग, चूक कोणाची? परवायिल्ले. असू दे."

परवायिल्ले! पद गेले, तरी परवायिल्ले. निबंध मागे घेतल्यानंतर त्याच साखळीचा आकार त्यांनी पुन्हा शोधला, अचूक छापला, आणि निबंधावर माझे नाव आपल्या नावाआधी घातले. तेव्हाही मी विचारले नाही, का म्हणून.

त्यांनी असू दिले. मला असू देता येत नाही. अध्यक्षमहोदय, इतिवृत्तात ती चूक माझ्या नावे लिहावी, एवढीच प्रार्थना.

आता आपण सारे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू या. आपण हात जोडा. मी माझा हात त्यांच्या तसबिरीसमोर धरणार आहे. अंगठा वर, बोटे वळलेली.

अक्का, दोनदा तपासला आहे. उजवाच आहे.