इथे चित्रांना हार घालत नाहीत

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, हे कलादालन सांभाळणाऱ्या आणि आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आमच्या स्नेहल मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या भावाबहिणींनो, सर्वांना सविनय जय भीम.

मी उज्वला. कर्जतच्या बाजारात पाट्या रंगवायचे ते प्रबुद्ध पेंटर, त्यांची बायको. शाळा मी फार शिकले नाही. त्यांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं लागली, पुढे पुस्तकं लागली.

आधीचे वक्ते म्हणाले, या कलादालनाने कलेची सेवा केली. केली असेल. मला मात्र गंगाबाईचा हार आठवतो.

फ्लेक्स आले आणि पाट्यांची कामं बंद पडली. हे घरी बसून बाजारातल्या माणसांचे चेहरे काढायला लागले, जुन्या पत्र्यांच्या मागच्या बाजूला. मॅडमनी ते पाहिले आणि इथे भिंतीवर लावले. त्यात रानभाजी विकणारी, वाडीवरची गंगाबाई होती. ती तेव्हा लेकीकडे साजगावला गेलेली, बरेच दिवस बाजारात दिसली नव्हती. आता आपल्याकडे भिंतीवर एकट्या माणसाचा चेहरा कधी लागतो? बाजारातल्या बायकांनी तो पाहिला, डोळ्यांना पदर लावला आणि झेंडूचा हार आणून घातला. उदबत्तीसुद्धा लावली. मॅडमनी उदबत्ती तेवढी हळूच बाहेर नेली.

पुढच्या बाजाराला गंगाबाई दारात हजर!

"कोनी घातला गं हा हार? मी जिती हाय!"

"आगं, आमी रडलोबी तुज्यासाठी."

"मंग आता हसा! न् हार घालायचा तं गल्यात घाला. पत्र्याला काय वास येतोय?"

तिनं हार काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि तशीच भाजी विकायला बसली.

त्या दिवशी मॅडमनी नियम केला, इथे कुठल्याही चित्राला हार घालायचा नाही. माणूस असो, नसो. पुढे गंगाबाई खरंच गेली, तरी तिच्या चित्राला हार चढला नाही. तो नियम मला कळला तो माझे यजमान गेल्यावर.

आरशात बघून काढलेलं त्यांचं स्वतःचं चित्र त्या खांबाजवळ आहे. कानामागे ब्रश खोचलेला. घरी त्यांच्या फोटोला हार आहे. आलेला माणूस हात जोडतो आणि चहा घेऊन निघतो. इथे तसं नाही. पांडूभाऊ, मागे बसलात ना? रागावू नका, पण सांगते. हे पांडूभाऊ टेंपो बाहेर लावून आत येतात आणि चित्राशी भांडतात. "काय रं पेंटर, टेंपोवर लेकीचं नाव अर्धंच ठेवून पळालास? नुसतं 'सुनि' घेऊन फिरतोय मी!"

मी बाकावर बसून ऐकत असते. घरी त्यांच्यावर कोणी चिडत नाही हो. गेलेल्या माणसावर कोण चिडतं?

कलादालन गावाला कशाला हवं, असं ते चालवणाऱ्या मंडळाच्या सभेत कोणी विचारलं म्हणे. याच्यासाठी हवं.

मॅडमच्या जागी कोणी मिळालं नाही, छपराची डागडुजी मंडळाला झेपत नाही, म्हणून उद्यापासून दालन बंद. अध्यक्षसाहेब, तुम्ही पुष्कळ खटपट केलीत, तुम्हाला बोल लावत नाही. चित्रं ज्याची त्याला परत जाणार, पांडूभाऊंच्याच टेंपोतून. आमचं चित्र मी घरी नेईन. पण घरची भिंत ती घरची भिंत. पाहुणे हार घेऊन येतील, मी किती जणांचे हात धरू? माझे यजमान एकदा दवाखान्यातून गेले. उद्या ते इथून पुन्हा जातील, एवढंच मला दिसतंय.

पांडूभाऊ, एक मागणं आहे. घरी याल तेव्हा हात जोडू नका. भांडा.

माझं ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. एखादा शब्द उणा-अधिक गेला असेल तर आपली म्हणून पोटात घाला.

आणि मॅडम, मंडळाने तुम्हाला द्यायला पुष्पगुच्छ दिला होता, तो मी खुर्चीवरच ठेवला. मी झेंडूचा हार आणलाय.

जरा मान खाली करा. हा गळ्यातच घालायचा आहे.